स्प्रिंग ट्रेनिंग पहिल्यांदा बघताय? मग ९३ नंबरवाल्याकडे लक्ष ठेवा

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की कुणीतरी विचारतंच, अरे काल बेसबॉलचा स्कोअर बघितला, डॉजर्स ९-२ नी हरले, या वर्षी काही खरं दिसत नाही त्यांचं. आणि दरवर्षी मला तेच सांगावं लागतं की बाबा तो स्प्रिंग ट्रेनिंगचा, म्हणजे सीझनआधीचा सराव सामना होता, शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी भात शिजू तर दे. मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं फिनिक्सजवळ राहतोय, म्हणजे अर्ध्या संघांचा सराव माझ्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर चालतो, आणि माझं प्रामाणिक मत असं की बेसबॉल शिकायला वर्ल्ड सिरीजपेक्षा (सीझनच्या शेवटची फायनल) हे सराव सामने चांगले, फक्त ते बघायची पद्धत वेगळी आहे. नवीन माणूस नेमका उलटं करतो, स्कोअर बघतो आणि माणसं बघत नाही. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून टाकतो, अमेरिकेत नुकतेच आलेल्यांसाठी पण आणि तिकडे पुण्या-नाशकात बसून फोनवर बघणाऱ्यांसाठी पण.

पायरी १: आधी कॅलेंडर समजून घ्या

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे बसून झेलणारे) कॅम्पमध्ये येतात. बाकीचे चार-पाच दिवसांनी. पिचर आधी का, तर त्यांचा हात तयार व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, एकदम ताकदीने टाकायला गेले तर खांदा नाहीतर कोपर जाईल, आणि त्यांचे बॉल झेलायला कॅचर पाहिजेतच म्हणून ते पण बरोबर. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सामने सुरू होतात ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतात, मग खरा सीझन, प्रत्येक संघाचे १६२ सामने. या महिन्याभरात कॅम्पमध्ये साठ-सत्तर जण असतात आणि शेवटी मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) राहतात फक्त २६. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हा २६ चा आकडा डोक्यात ठेवा, कारण मैदानावर जे काही चाललेलं दिसेल ते त्या २६ जागांसाठी.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, या काळात मेजर लीगच्या खेळाडूंना पगार सुरू झालेला नसतो, खाण्या-राहण्याचा भत्ता मिळतो, पगार सीझनच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे ज्याची जागा पक्की नाही तो पोरगा महिनाभर फक्त आशेवर खेळत असतो.

पायरी २: अॅरिझोना की फ्लोरिडा

३० पैकी १५ संघ फ्लोरिडात सराव करतात, त्याला ग्रेपफ्रूट लीग म्हणतात, आणि १५ अॅरिझोनात, ती कॅक्टस लीग. तुम्हाला जायचं असेल आणि कुठलाही संघ चालणार असेल तर मी डोळे मिटून अॅरिझोना सांगेन, आणि इथे राहतो म्हणून नाही सांगत. इथली दहाच्या दहा स्टेडियमं फिनिक्सच्या आसपास आहेत, मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल, पिओरिया, सरप्राइज, गुडइयर, ग्लेनडेल, एकातून दुसऱ्यात साधारण तासाभरात पोचता, दुपारी एक सामना आणि संध्याकाळी दुसरा असं एका दिवसात होतं. फ्लोरिडात संघ दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेत, फोर्ट मायर्सहून जुपिटर म्हणजे दोन-अडीच तासांचा बसप्रवास, आणि त्याचा परिणाम थेट तुमच्यावर होतो कारण मोठे खेळाडू एवढा प्रवास करत नाहीत. पाहुण्या संघाने निदान चार नेहमीचे खेळाडू आणावेत असा नियम आहे खरा, पण तेवढ्यावर समाधान मानायचं तर माना. म्हणून ज्याला बघायचंय त्याच्या घरच्या मैदानावर जा. डॉजर्सचा ओहतानी बघायचाय तर ग्लेनडेलचं कॅमलबॅक रँच, यांकीजचा जज बघायचा तर टँपाचं स्टाइनब्रेनर फील्ड.

आता फ्लोरिडाबद्दल सुद्धा चांगलं बोललं पाहिजे. ब्रेडन्टनचं मैदान १९२३ पासून आहे, पायरेट्स तिथे सराव करतात, आणि आपल्याशी पण त्या गावाचं एक नातं आहे. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भारतात घेतलेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं, बेसबॉलचा बॉल आयुष्यात पहिल्यांदा हातात घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. २००९ मध्ये ते तिथल्याच रूकी लीगमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. (हा रिंकू वेगळा, केकेआरचा नाही.) मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, पण मला त्या दोघांचं कौतुक कायम वाटत आलंय.

आणि सराव सामन्याला काय किंमत असं जे म्हणतात त्यांनी डेटोना बीच आठवावं. १७ मार्च १९४६, जॅकी रॉबिन्सन, तेव्हा मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेतच नसत, माँट्रियल रॉयल्सकडून (डॉजर्सचाच खालचा संघ) तिथे डॉजर्सविरुद्ध उतरला. फ्लोरिडातल्या दुसऱ्या गावातून त्याला काळा म्हणून निघावं लागलं होतं, डेटोनाने खेळू दिलं. मेजर लीगमधलं त्याचं पदार्पण १५ एप्रिल १९४७ चं, त्याच्या वर्षभर आधी ती भिंत पहिल्यांदा हलली ती एका सराव सामन्यात. आज त्या मैदानाला त्याचंच नाव आहे.

पायरी ३: सामना दुपारी असला तरी सकाळी जा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्वद टक्के लोक करत नाहीत. मुख्य स्टेडियमच्या मागे चार-पाच सरावाची मैदानं असतात, बॅकफील्ड म्हणतात त्यांना. बऱ्याच संघांची ती सकाळी लोकांना बघायला उघडी असतात, कित्येक ठिकाणी फुकट, जायच्या आधी संघाच्या साइटवर वेळ बघून घ्या. तिथे तुमच्यात आणि खेळाडूत फक्त एक जाळीचं कुंपण.

मी पहिल्यांदा सॉल्ट रिव्हर फील्ड्सला गेलो (हे २०११ चं, मूळ रहिवाशांच्या जमातीच्या जमिनीवर बांधलेलं, डायमंडबॅक्स आणि रॉकीज दोघांचं मिळून, माझ्या मते सगळ्यात देखणं) तेव्हा बुलपेनच्या, म्हणजे पिचर हात गरम करतात त्या जागेच्या बाजूला उभा राहिलो. टीव्हीवर ९५ मैल हा नुसता कोपऱ्यातला आकडा असतो. ९५ मैल म्हणजे १५३ किलोमीटर, आणि क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट तर इथे अंतर साडेसाठ फूट, वर बॉल टप्पा न घेता थेट येतो. तो बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला ना तेव्हा जो आवाज झाला तो छातीत जाणवला, फटाक्यासारखा कोरडा आणि लगेच बंद. पिचर एक विशीतला मुलगा होता, प्रत्येक बॉलनंतर उजवा पाय एकाच जागी घासायचा, माती सारखी करायचा, परत उभा. शेजारी कोच काही बोलत नव्हता, फक्त टॅब्लेट पुढे धरून बॉल किती फिरला ते दाखवत होता. वीस-पंचवीस बॉल टाकून तो पोरगा गेला, आणि मला सामन्यात नंतर काय झालं ते आता आठवतही नाही, हे मात्र लख्ख आठवतं.

सही हवी असेल तर तीही सकाळीच, बॅकफील्डवरून आत जाताना. पेन आपलं न्या, चांगलं उमटणारं. लहान मुलांना पुढे जाऊ द्या. आणि दहा-दहा बॉल घेऊन विकायला सह्या गोळा करणारे मोठे लोक तिथे असतात त्यांचा मला मनापासून राग येतो, त्यांच्यामुळे खेळाडू थांबायचं बंद करतात.

सामानाचं पटकन सांगतो. टोपी, सनस्क्रीन, पाणी. तिकीट घ्यायचं तर आउटफिल्डच्या (मैदानाचा लांबचा भाग) मागच्या गवतावरचं, सगळ्यात स्वस्त आणि सतरंजी टाकून बसता येतं, पण तिथे सावली नाही, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) मागच्या वरच्या रांगा बघा. बॅगचा नियम आदल्या रात्री वाचा, एका स्टेडियमवर माझी बॅग दोन बोटं मोठी निघाली म्हणून गेटवरून परत पार्किंगच्या टोकापर्यंत जाऊन यावं लागलं आणि नऊपैकी पहिल्या दोन इनिंग गेल्या (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात), आणि स्प्रिंग ट्रेनिंगच्या पहिल्या दोन इनिंग म्हणजेच मोठे खेळाडू.

पायरी ४: सामना दोन भागांत बघा

आई तीन वर्षांपूर्वी इकडे आली होती, तिला घेऊन गेलो. क्रिकेट तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाचव्या इनिंगला तिने विचारलं, "अरे, मघाचे सगळे कुठे गेले? हे तर दुसरेच आलेत, आणि ह्याच्या पाठीवर नावच नाही!"

बरोबर पकडलं तिने. सुरुवातीच्या सामन्यांत नेहमीचे बॅटर दोन-तीन वेळा बॅटिंग करतात आणि चौथ्या-पाचव्या इनिंगला निघून जातात, मुख्य पिचर पहिल्यांदा एक-दोन इनिंग टाकतो, मग दर पाच-सहा दिवसांनी थोडं वाढवत मार्चअखेर पाच-सहा इनिंगपर्यंत येतो. आणि मग येतात ते ७८, ८४, ९३ असे नंबर घातलेले. जर्सीवर कित्येकदा नावसुद्धा नसतं. यातले बरेच मायनर लीगचे (मेजर लीगच्या खालच्या लीग), काही नॉन-रोस्टर इन्व्हायटी, म्हणजे संघाच्या ४० जणांच्या यादीत नसलेले पण कॅम्पला बोलावलेले.

नवा माणूस इथे उठून पार्किंगकडे निघतो. उठू नका! खरा सामना आत्ता सुरू झालाय. ३४ वर्षांचा, दोनदा ऑपरेशन झालेला पिचर शेवटचा चान्स म्हणून आलेला असतो आणि समोर १९ वर्षांचा पोरगा असतो, दोघांनाही ही एक इनिंग सीझनएवढी मोठी असते. फोनवर त्या नंबरचं नाव शोधा, वय बघा, गेल्या वर्षी कुठे खेळला ते बघा, आणि मग त्याची पुढची बॅटिंग बघा. तुमचं लक्ष एकदम वेगळं लागतं.

आईबरोबर बघितलेला तो सामना बरोबरीत सुटला. नऊ इनिंग झाल्या, ४-४, सगळे उठले. आई म्हणाली, "निकाल लागला नाही आणि निघाले पण?" हो, सराव सामन्यात जादा इनिंग खेळवत नाहीत, पिचरचे हात वाचवायचे असतात. याचीही सवय करून घ्या. आणि कधी यादीत एकाच संघाचे एकाच दिवशी दोन सामने दिसले तर ती चूक नाही, स्प्लिट स्क्वॉड म्हणतात, संघ दोन तुकड्यांत खेळतो. अशा दिवशी बाहेरगावच्या तुकडीचं महागडं तिकीट अजिबात घेऊ नका.

पायरी ५: आकड्यांवर विश्वास ठेवू नका

याची दोन उदाहरणं देतो, मला कुणी मार्चमधली आकडेवारी पाठवली की मी हीच दोन देतो.

२०१८, ओहतानी जपानहून नवीन आलेला, एंजल्सकडून टेम्पीला. ३२ वेळा बॅटिंग करून ४ हिट, म्हणजे सरासरी .१२५, पिचिंगचा ईआरए (नऊ इनिंगला सरासरी किती रन दिले) २७.००. तेव्हा काय काय बोलले लोक, हा हायस्कूल लेव्हलचा बॅटर आहे, मायनरला पाठवा. त्याने काय केलं, तर कॅम्पच्या शेवटी शेवटी बॅटिंग करताना पुढचा पाय उंच उचलायचं सोडलं आणि नुसता अंगठा टेकवून टाच फिरवायला लागला, एवढासा बदल. त्या सीझनला .२८५, २२ होमरन आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. ज्याने तो पाय बघितला त्याला कळलं, ज्याने .१२५ बघितलं तो फसला.

दुसरं २०१५ चं, क्रिस ब्रायंट, कब्ज. मार्चमध्ये ९ होमरन मारले, सगळ्यांत जास्त, आणि संघाने त्याला मायनर लीगला पाठवलं, कारण दिलं की फिल्डिंग सुधारायचीय. १७ एप्रिलला वर बोलावलं. आता गणित बघा, १७२ दिवस रोस्टरवर असलं की एक पूर्ण वर्ष धरतात आणि सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाकडे जायला. ब्रायंटचे त्या वर्षी भरले १७१. एक दिवस कमी! म्हणजे संघाला तो एक वर्ष जादा मिळाला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला, नियमात बसत होतं म्हणून. नियमात बसत असेल पण ते चुकीचंच होतं आणि मी कब्जच्या चाहत्यांशी यावर कितीही वेळ वाद घालायला तयार आहे. २०२२ च्या करारात थोडी सुधारणा झाली, आता रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात तर पूर्ण वर्ष मिळतं. थोडीच, पण झाली. तेव्हा मार्चच्या शेवटी एखादा तुफान खेळणारा पोरगा खाली पाठवला गेला तर 'अजून कच्चा आहे' हे वाक्य वाचून मान डोलावू नका.

पायरी ६: बातम्या वाचताना काय उचलायचं, काय सोडायचं

सोडायचं: अमका खेळाडू 'आयुष्यातल्या सर्वोत्तम फिटनेसमध्ये' आलाय, दर फेब्रुवारीला प्रत्येक संघात दोघं-तिघं असतात. तमक्याने दहा किलो कमी केलं. मॅनेजर म्हणाला वातावरण मस्त आहे. हे सगळं सोडा.

उचलायचं: पिचरचा वेग गेल्या वर्षीपेक्षा दोन मैल वाढला किंवा घटला. कुणी नवीन प्रकारचा बॉल शिकला. सेकंड बेसवाला अचानक आउटफिल्डला खेळायला लागला, म्हणजे त्याची जागा धोक्यात आहे नाहीतर त्याला दोन्हीकडे वापरायचा विचार आहे. आणि कोपर हा शब्द. 'हाताच्या पुढच्या भागात थोडं जखडल्यासारखं वाटतंय, एमआरआय काढणार' अशी दोन ओळींची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. मार्च २०२५ मध्ये यांकीजचा गेरिट कोल एका सराव सामन्यानंतर कोपर दुखतंय म्हणाला आणि आठवड्याभरात टॉमी जॉन ऑपरेशन, अख्खा सीझन गेला. हे ऑपरेशन पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवरच झालं, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात, परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तो स्वतः परत आला आणि नंतर १६४ सामने जिंकला, त्यामुळे बातमी वाईट असली तरी कुणाचं करिअर संपलं असं लगेच लिहू नका.

पायरी ७: नवीन नियम इथेच आधी दिसतात

२०२३ ला पिच क्लॉक (ठराविक सेकंदांत पुढचा बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आलं तेव्हा पहिल्याच शनिवारी ब्रेव्हज आणि रेड सॉक्सचा सामना ६-६, शेवटची इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट, तीन बॉल (न खेळलेले, झोनबाहेरचे) दोन स्ट्राइक. कॅल कॉन्ली बॅटिंगला. अंपायरने हात केला, कॉन्लीला वाटलं चौथा बॉल, म्हणजे फुकट फर्स्ट बेस आणि एक रन, जिंकलो, आणि निघाला फर्स्ट बेसकडे. पण अंपायरने तिसरा स्ट्राइक दिला होता, क्लॉकवर आठ सेकंद उरले तरी तो तयार उभा नव्हता म्हणून. आउट, सामना बरोबरीत. लोक बोंबलले. मी तेव्हाही म्हणत होतो हे चांगलंय आणि आजही म्हणतो, त्या वर्षी सामन्याचा सरासरी वेळ सुमारे २४ मिनिटांनी कमी होऊन २ तास ४० मिनिटांवर आला, आणि कमी झालं ते नुसतं ग्लोव्ह घट्ट करणं आणि थुंकणं.

२०२५ च्या सराव सामन्यांत मशीनवर स्ट्राइक तपासायची पद्धत करून बघितली आणि ती २०२६ च्या सीझनसाठी मंजूर झाली. आपल्याला समजायला सोपी आहे, डीआरएसच म्हणा, तेच हॉक-आय. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. पण फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर, लगेच डोक्यावर हात मारून, डगआउटमधून इशारा चालत नाही. २०२५ च्या चाचणीत निम्म्याहून थोडीच जास्त चॅलेंज बरोबर निघाली, बाकी वेळी अंपायरच बरोबर, म्हणजे अंपायर लोक समजतात तेवढे वाईट नाहीत. माझं मत, सगळंच मशीनवर टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण चॅलेंज कधी घ्यायचं हे सुद्धा कसब आहे आणि कॅचरची किंमत त्याने वाढते.

पायरी ८: बाकीच्या खेळांची गर्दी

मार्चमध्ये सगळं एकदम येतं. कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा, मग आयपीएल, आणि काही वर्षी वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांची स्पर्धा. त्या क्लासिकवर दरवेळी ओरड होते की खेळाडू जखमी होतात, २०२३ ला मेट्सचा पिचर एडविन डियाझचा गुडघा जिंकल्याच्या जल्लोषात गेला आणि मेट्सचा अख्खा सीझन त्याच्याविना. वाईट झालं, खूपच. पण त्याच स्पर्धेत २१ मार्चला फायनलचा शेवटचा आउट म्हणजे ओहतानी विरुद्ध माइक ट्राउट, तेव्हा एकाच क्लबचे दोघं, जपान ३-२ पुढे, तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि बाहेर वळत गेलेल्या बॉलवर ट्राउट चुकला. हे बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

एनएफएलचे सराव सामने मात्र खुशाल सोडा, आता तीनच असतात आणि मोठे खेळाडू जवळपास नसतातच. त्यापेक्षा डॅलसजवळचं ग्रँड प्रेरी बघा, मूळचं बेसबॉल स्टेडियम, क्रिकेटसाठी बदललेलं, आणि ६ जून २०२४ ला तिथेच आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकवलं. नोकरी सांभाळून खेळणारा इंजिनियर. ९३ नंबरवाला म्हणतो तो हाच, जर्सी वेगळी एवढंच.

पायरी ९: महाराष्ट्रात बसून बघायचं असेल तर

अॅरिझोना घड्याळ बदलत नाही, भारत कायम साडेबारा तास पुढे. इथला दुपारी १:०५ चा सामना म्हणजे तुमचे रात्रीचे १:३५, ते जमणार नाही, पण इथला संध्याकाळी ६:४० चा तुमच्याकडे सकाळी ७:१० ला, चहाबरोबर. फ्लोरिडाचा दुपारचा सामना रात्री ११:३५ ला, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पुढे गेलं की १०:३५ ला, तो आरामात बघता येतो. सगळं बघायची गरज नाही. एमएलबीच्या अॅपमध्ये प्रत्येक बॉलची नोंद फुकट दिसते, सकाळी उठून बॉक्स स्कोअर (कोण किती खेळलं त्याचा तक्ता) उघडा आणि खालून वर वाचा, म्हणजे शेवटी आलेले आधी.

शेवटचा आठवडा

मार्चच्या शेवटी रोज यादी येते, आज अमके पाच खाली पाठवले, तमक्याला मोकळं केलं. ही यादी चुकवू नका. तुम्ही महिनाभर ज्या दोन-तीन नंबरांवर लक्ष ठेवलं असेल त्यांची नावं वहीत नाहीतर फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे कुठल्या गावच्या मायनर लीग संघात गेले ते पण. माझ्या यादीत आत्ता अकरा जण आहेत. आईच्या त्या बिननावाच्या पोराचा नंबर पण आहे, ती दर रविवारी फोनवर विचारते, "तुझा तो पोरगा वर आला का रे?" अजून नाही आला, ट्रिपल-ए ला आहे, म्हणजे एकच पायरी खाली.